सत्यप्रत, सही माझीच

इंटरनेट विजिट्स पीटीवाय लिमिटेड नावाची एक ऑस्ट्रेलियन कंपनी आहे. तिला कार्यालय नाही, कर्मचारी नाहीत, फोन उचलायला कुणी नाही. राज्य कोणतं असं विचारलं तर ती ‘सम-स्टेट’ म्हणते, म्हणजे असंच आपलं कुठलं तरी. आजवर तिने एका पैशाचा धंदा केलेला नाही. तरीही हिंजवडीपासून हैदराबादपर्यंत आणि तिथून पुढे जगभर, प्रोग्रामर मंडळींच्या संगणकांत तिच्या नावाची सुरक्षा प्रमाणपत्रं धूळ खात पडलेली असतात. यांतल्या बहुतेकांनी ऑस्ट्रेलिया क्रिकेटच्या मॅचपलीकडे पाहिलेला नसतो. त्यांनी एंटर दाबलेलं असतं, एवढाच काय तो संबंध.

होतं ते असं. आपल्याच लॅपटॉपवर चालणाऱ्या वेब सर्व्हरला एचटीटीपीएस हवं असलं, की प्रमाणपत्रासाठी ओपनएसएसएल या लायब्ररीच्या पायाशी जावं लागतं. तिला एक लांबलचक कमांड द्यावी लागते. ती कुणालाच पाठ नसते. जो तो ती कुठून तरी उचलून चिकटवतो. मग प्रश्न सुरू होतात. देश कोणता, दोन अक्षरांत सांगा. राज्य? गाव? संस्था? संस्थेतला विभाग? नाव? ईमेल? वाकडच्या वन-बीएचकेमध्ये रात्री साडेअकराला एकटाच बसलेल्या माणसाला त्याचा विभाग विचारला जातो. तो तरी काय सांगणार? काही प्रश्नांपुढे चौकटी कंसात तयार उत्तरं असतात: देश ‘एयू’, राज्य ‘सम-स्टेट’, संस्था ती वर सांगितलेली. तो एंटर, एंटर, एंटर करत सुटतो आणि अर्ध्या मिनिटात ऑस्ट्रेलियन उद्योजक होतो.

या ऑस्ट्रेलियाला इतिहास आहे. ओपनएसएसएल सुरू झाली डिसेंबर १९९८ मध्ये, पण तिचं मूळ त्याआधीच्या एसएसएलईएवाय नावाच्या लायब्ररीत. ती लिहिली ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एरिक यंग आणि टिम हडसन यांनी. नमुन्याच्या उत्तरात त्यांच्या देशाचं नाव येणं ओघानंच आलं. पुढे लायब्ररीचं नाव बदललं, सांभाळणारी माणसं बदलली, जगातल्या वेब सर्व्हरांचा मोठा हिस्सा तिच्यावर चालू लागला. ‘एयू’ मात्र जागचं हललं नाही.

त्या प्रश्नावलीत पूर्वी एकच प्रश्न कामाचा असे, तो म्हणजे ‘कॉमन नेम’चा. तिथे सर्व्हरचं नाव लिहायचं असतं. पण ओपनएसएसएल विचारताना म्हणते, सर्व्हरचं नाव किंवा ‘तुमचं’ नाव. माणूस साधा असला तर प्रामाणिकपणे स्वतःचं नाव लिहितो, आणि मग ब्राउझर त्याला सांगतो की हे प्रमाणपत्र भलत्याच पत्त्याचं आहे. गंमत अशी की आता त्या रकान्याकडेही कुणी ढुंकून पाहत नाही. २०१७ च्या क्रोम ५८ पासून ब्राउझर बघतो ते ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ नावाच्या वेगळ्याच रकान्यात, आणि त्याबद्दल ती प्रश्नावली अवाक्षर काढत नाही. म्हणजे जे सात प्रश्न कसोशीने विचारले जातात त्यांतल्या एकाच्याही उत्तरावर काही अडत नाही. ज्याच्यावर सगळं अडतं ते विचारलंच जात नाही. ते आपणहून, आधीच, कमांडमध्येच सांगायचं असतं. सरकारी फॉर्म भरून मोठ्या झालेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

आता मुळात स्वतःच्या लॅपटॉपला स्वतःची ओळख पटवून द्यायची गरज काय, असा प्रश्न घरच्या मंडळींना पडतो. तो रास्त आहे. सर्व्हर टेबलावर, ब्राउझरही त्याच टेबलावर, मधल्या मध्ये डेटा चोरणार कोण? ब्राउझर बनवणाऱ्यांनाही हे पटलेलं आहे, म्हणून ‘लोकलहोस्ट’ला, म्हणजे १२७.०.०.१ या घरच्या पत्त्याला, साध्या एचटीटीपीवरसुद्धा बरीचशी मोकळीक असते. कॅमेरा चालतो, लोकेशन मिळतं. पण तेच ॲप फोनवर कसं दिसतं हे बघायला माणूस १९२.१६८ ने सुरू होणारा वायफायचा पत्ता टाकतो, आणि कॅमेरा रुसतो. फोन हातात आहे, लॅपटॉप समोर आहे, दोघांत दीड फुटाचं अंतर. पण या दीड फुटात कुणी बसलेला नाही कशावरून, असा ब्राउझरचा सवाल असतो. तिथून सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेटची गोष्ट सुरू होते.

सर्टिफिकेटचं काम दुहेरी. सर्व्हरची सार्वजनिक की ते ब्राउझरच्या हाती देतं आणि ही की अमक्याचीच आहे अशी कुणाची तरी ग्वाही सोबत जोडतं. पहिल्या कामात घरगुती प्रमाणपत्र तसूभरही कमी पडत नाही. त्यावर चालणारं एन्क्रिप्शन मोठ्या बँकेच्या संकेतस्थळाइतकंच पक्कं असू शकतं. घोडं अडतं ते ग्वाहीपाशी, कारण इथे ग्वाही देणारा आणि घेणारा एकच. ज्यांनी चाळीशी ओलांडली आहे त्यांना यासाठी वेगळं समजावून सांगायला नको: मार्कशीटची झेरॉक्स घेऊन राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात उभं राहायचं, तो हिरव्या शाईत सही करणार, शिपाई ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारणार, तेव्हा कुठे ती झेरॉक्स खरी. २०१४ मध्ये केंद्र सरकारने ठिकठिकाणी यातून लोकांची सुटका केली आणि स्वतःच्या प्रतीवर स्वतःच सही करा असं म्हटलं. सरकारने जे औदार्य दाखवलं ते क्रोमला अजून जमलेलं नाही.

क्रोम काय करतो ते जवळून बघण्यासारखं आहे. आख्खा पडदा पांढरा होतो, वर लाल त्रिकोण, त्याखाली ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’. आणि त्याखाली एक वाक्य, ज्याचा मथितार्थ असा की हल्लेखोर लोकलहोस्टवरून तुमची माहिती चोरायच्या प्रयत्नात असू शकतात. उदाहरणार्थ पासवर्ड, निरोप, क्रेडिट कार्ड. लोकलहोस्ट म्हणजे तोच लॅपटॉप. हल्लेखोर म्हणून खोलीत उपलब्ध असलेला इसम एकच, आणि तो ते वाक्य वाचत बसलेला. त्याला क्षणभर स्वतःचाच संशय येतो. शेवटी बारीक अक्षरांत ‘नेट एरर सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड’. म्हणजे, तुला ओळखतो कोण?

या पानाची जडणघडण उगाच झालेली नाही. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ने ठरवलं की लोकांनी डोळे झाकून पुढे जाऊ नये, म्हणून त्याने वाटेत एकापाठोपाठ एक अडथळे उभे केले: अपवाद जोडायचा आहे का, मग जोडा, मग प्रमाणपत्र मागवा, मग नक्की का ते सांगा. पुढे २०१३ मध्ये बर्कली विद्यापीठ आणि गूगल इथल्या दोन संशोधकांनी अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांचा हिशेब मांडला. फायरफॉक्समध्ये प्रमाणपत्राचा इशारा पाहूनही पुढे गेलेले सुमारे तेहतीस टक्के. क्रोममध्ये सत्तर. सत्तर टक्के लोकांना ‘हल्लेखोर’ हा शब्द वाचून काहीही वाटलं नव्हतं. त्यानंतर क्रोमने पानाची मांडणी बदलली. मागे फिरायचं बटण निळं आणि ठळक. पुढे जायची वाट ‘ॲडव्हान्स्ड’च्या मागे दडवलेली, आणि तिच्यापुढेही कंसात ‘अनसेफ’ असा टोमणा.

लोक असे निर्ढावतात कुठे, याचं उत्तर कचेऱ्यांत सापडतं. कितीतरी कंपन्यांचं आतलं पोर्टल, जिथे रजा टाकायची आणि पगाराची स्लिप बघायची, ते वर्षानुवर्षं कुणीतरी घाईत बनवलेल्या घरगुती प्रमाणपत्रावर चालू असतं. नव्याने लागलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी लाल त्रिकोण दिसतो आणि तो बिचकतो. शेजारचा मान वर न करता सांगतो, “ॲडव्हान्स्ड कर, प्रोसीड कर. काही होत नाही रे.” पोर्टल कसं वापरावं याची जी पीडीएफ मिळते तिच्यात तर हीच कृती स्क्रीनशॉटवर लाल बाण काढून समजावलेली असते. आणि त्याच आठवड्यात त्याच मुलाला सायबर सुरक्षेचं सक्तीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. तिथला प्रश्न असतो: ब्राउझरने असा इशारा दिला तर तुम्ही काय कराल? तो बरोबर पर्याय निवडतो, शंभरपैकी शंभर मिळवतो आणि रजेचा अर्ज टाकायला परत ‘प्रोसीड’ दाबतो.

कधी कधी तर ‘प्रोसीड’ दाबायलाही मिळत नाही. बरेच प्रोग्रामर घरच्या सर्व्हरला हौसेने ‘काहीतरी डॉट देव’ असं नाव देत. देव म्हणजे डेव्हलपमेंटचा डेव्ह, बाकी काही नाही. पुढे ‘डॉट डेव्ह’ हे अख्खं आडनावच गूगलच्या मालकीचं झालं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या क्रोम ६३ ने ठरवलं की या आडनावाच्या प्रत्येक पत्त्यावर एचटीटीपीएस सक्तीचं. ब्राउझर अपडेट झाला आणि एका रात्रीत गावोगावच्या लॅपटॉपांवरचे प्रकल्प बंद पडले. साध्या एचटीटीपीने जाता येईना, घरगुती प्रमाणपत्र लावलं तर पुढे जायची वाटच पानावरून गायब. घरच्या वापरासाठी ‘डॉट टेस्ट’ हे नाव १९९९ पासून राखून ठेवलेलं होतं, पण राखीव जागेत राहायला कुणाला आवडतं?

अशा वेळी जाणकार एक मंत्र सांगतात. त्या पांढऱ्या पानावर नुसतं क्लिक करायचं आणि ‘धिसइजअनसेफ’ ही इंग्रजी अक्षरं सलग, मधे जागा न सोडता टाइप करायची. लिहायला चौकट नाही, कर्सर नाही, काही उमटत नाही; आंधळेपणाने बोटं चालवायची, की पान उघडतं. पूर्वी हाच मंत्र ‘बॅडआयडिया’ असा होता. तो फार लोकांना ठाऊक झाला म्हणून बदलला. क्रोमच्या सोर्स कोडमध्ये नवा मंत्र सरळ लिहिलेला नाही, बेस-६४ मध्ये गुंडाळून ठेवलेला आहे, म्हणजे उघडायला दोन सेकंद तरी लागावेत. ‘हे असुरक्षित आहे’ असं स्वतःच्या हाताने लिहून दिल्याशिवाय पुढे न सोडणारी दुसरी यंत्रणा म्हणजे ऑपरेशनपूर्वीचा हॉस्पिटलचा फॉर्म.

इथवर आलेला माणूस चिडून विचारतो: मग ब्राउझरचा विश्वास आहे तरी कुणावर? उत्तर ऐकून तो आणखी चिडतो. ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्याकडे एक यादी असते, शंभराहून अधिक मूळ प्रमाणपत्रांची. यांना रूट म्हणतात. बाकी सगळ्या सह्यांची साखळी वर जात जात यांच्यापाशी थांबते. आणि रूटवर सही कुणाची? रूटचीच. जगातल्या सगळ्या विश्वासाच्या तळाशी सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेटंच आहेत. वाकडच्या वन-बीएचकेत बनलेलं आणि मोठ्या प्रमाणन संस्थेचं, दोन्हीची ही बाजू सारखीच. फरक यादीत नाव असण्याचा. अर्थात त्या नावामागे ऑडिट असतं, कुलूपबंद खोल्या असतात, नियमांचे जाडजूड दस्तऐवज असतात. हा फरक लहान नाही. पण एंटर दाबून दमलेल्याला तो मोठा वाटत नाही.

२०११ मध्ये कुण्या विनोदी माणसाने मोझिलाच्या अधिकृत बग-नोंदवहीत रीतसर अर्ज केला, की ‘ऑनेस्ट अहमद्स यूज्ड कार्स अँड सर्टिफिकेट्स’ या संस्थेचं रूट यादीत घ्यावं. धंद्याची योजनाही दिली होती: झपाट्याने इतकी प्रमाणपत्रं विकायची, की पुढे चुकलो तरी आम्हाला काढून टाकणं कुणाला परवडू नये. अर्ज अर्थातच फेटाळला. पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात डिजिनोटार या यादीतल्या, मान्यताप्राप्त डच संस्थेत कुणीतरी शिरलं आणि तिच्या नावाने पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रं काढून गेलं. त्यांत गूगलच्या नावाचंही होतं, आणि ते इराणमधल्या लोकांची मेल वाचायला वापरलं गेलं. ब्राउझरांनी डिजिनोटारला यादीतून काढलं. सप्टेंबरमध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. एवढं होईपर्यंत जवळजवळ कुणालाच लाल त्रिकोण दिसला नव्हता, हे लक्षात घेतलं की लोकलहोस्टवरचा आरडाओरडा जरा जास्तच झोंबतो.

आपणही यात मागे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार भारतात प्रमाणन प्राधिकरणांचा नियंत्रक नेमलेला आहे. त्याचं स्वतःचं रूट आहे, आणि त्याच्या हाताखाली परवानाधारक संस्था. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळलं की त्यांपैकी एनआयसीच्या प्राधिकरणाकडून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाली आहेत. भारताचं रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, त्यामुळे विंडोजवरच्या बऱ्याच प्रोग्रामांनी ती खरी मानली असती. फायरफॉक्सच्या यादीत ते नव्हतंच. क्रोमने मग या रूटला मोजून सात पत्त्यांची हद्द आखून दिली: गव्ह डॉट इन, एनआयसी डॉट इन, रिझर्व्ह बँक वगैरे. तुमचं चालेल, पण तुमच्या अंगणापुरतं.

हे सगळं कळल्यावर प्रोग्रामर जे करतो ते तर्काला धरूनच असतं. यादीत घेत नाहीत ना, मग तो आपल्यापुरती यादीच बदलतो. एमकेसर्ट हे फिलिप्पो व्हालसोर्दा यांनी २०१८ मध्ये आणलेलं छोटंसं साधन त्यासाठी फार नामी आहे. एक कमांड दिली की तुमच्या लॅपटॉपवर तुमच्या नावाचं रूट तयार होऊन यादीत बसतं. दुसरी कमांड दिली की त्या रूटच्या सहीचं लोकलहोस्टचं प्रमाणपत्र हातात. प्रश्न नाहीत, विभाग नाही, ऑस्ट्रेलिया नाही. त्रिकोण जातो. ओपनएसएसएलशी झटापट करण्यापेक्षा नव्या माणसाने सरळ हेच वापरावं, असं आता कुणीही शहाणा सांगेल.

मात्र या रूटची एक गुप्त की असते आणि ती लॅपटॉपवरच एका फायलीत असते. ती ज्याच्या हाती पडेल तो त्या लॅपटॉपपुरता कुठल्याही बँकेचं सोंग घेऊ शकतो. हे नुसतं भय दाखवणं नव्हे. फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झालं की लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर सुपरफिश नावाचा जाहिराती घुसवणारा प्रोग्राम आधीपासून भरलेला आहे. त्याने यादीत स्वतःचं रूट बसवलेलं होतं, सगळ्या लॅपटॉपांवर एकच गुप्त की होती, आणि तिचा पासवर्ड होता ‘कोमोडिया’; म्हणजे ज्या कंपनीने ते तंत्र बनवलं तिचंच नाव. वर्ष सरायच्या आत डेलच्या लॅपटॉपांवर ‘ई-डेल-रूट’ सापडलं. त्याचीही गुप्त की सोबतच दिलेली, जणू ग्राहकाला काही कमी पडायला नको.

फोनवर हे घरचं रूट चढवणं हा स्वतंत्र सोहळा. आयफोनवर आधी प्रोफाइल म्हणून ते बसवायचं, मग सेटिंग्जमध्ये ‘जनरल’, ‘अबाउट’ अशी वाट काढत अगदी तळाशी जाऊन विश्वासाचं बटण वेगळं चालू करायचं. बसवलं म्हणजे विश्वास ठेवला असं होत नाही, हे ॲपलचं म्हणणं तसं शहाणपणाचं आहे. अँड्रॉइड बसवू देतो, पण नंतर बजावतो की तुमच्या नेटवर्कवर कुणी अनोळखी तिसरी व्यक्ती लक्ष ठेवून असू शकते. ती तिसरी व्यक्ती फोन हातात धरून ती सूचना वाचत असते.

मुदतीचा मुद्दा निराळा. ओपनएसएसएलला दिवस सांगितले नाहीत तर ती तीस दिवसांचं प्रमाणपत्र देते, आणि ते नेमकं क्लायंटच्या डेमोच्या सकाळी संपतं. एकदा पोळलेला माणूस मग ३६५० दिवस लिहितो. दहा वर्षं कटकट नको. तर २०१९ पासून आयफोन ८२५ दिवसांपुढचं सर्टिफिकेटच नाकारतो. मोठ्या लोकांची मुदत तर आखडतच चालली आहे. जाहीर संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून ती २०० ठरली, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. ज्यांचं नूतनीकरण आपोआप होतं त्यांना फिकीर नाही. पण विसरणारे मोठेही असतात: ६ डिसेंबर २०१८ रोजी ब्रिटनच्या ओटू कंपनीचं मोबाइल डेटा नेटवर्क दिवसभर झोपलं, कारण एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. कोट्यवधी ग्राहक. आणि २०१९ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारचं कामकाज ठप्प असताना ऐंशीच्या आसपास सरकारी प्रमाणपत्रं संपून गेली. नूतनीकरण करणारी माणसं बिनपगारी घरी बसलेली.

या सगळ्याला कंटाळलेल्यांसाठी एक शेवटचा मार्ग आहे, आणि तो सगळ्यात जास्त चालतो. पायथनमध्ये दुसऱ्या सर्व्हरला हाक मारताना ‘व्हेरिफाय इज इक्वल टू फॉल्स’ असं लिहायचं, की तपासणीच होत नाही. पायथन सुसंस्कृत असल्यामुळे प्रत्येक हाकेला बारीक तक्रार छापतो: ही विनंती असुरक्षित आहे. लॉगमध्ये त्या तक्रारींचा खच पडतो, साहेब विचारतात हे काय आहे, म्हणून वर आणखी एक ओळ येते, जी तक्रारच बंद करते. शेजारी टिपण असतं: ‘तात्पुरतं. प्रॉडक्शनला जाण्यापूर्वी काढणे.’ ते प्रॉडक्शनला केव्हाच गेलेलं असतं, आणि लिहिणारा त्यानंतर दोन नोकऱ्या बदलून बसलेला असतो. टीममध्ये नवी आलेली मुलगी एके दिवशी नीटनेटकेपणाच्या उत्साहात त्या दोन्ही ओळी काढून बघते. रजेपासून पगारापर्यंत सगळं धडाधड बंद पडतं. ती ओळी मुकाट्याने परत घालते, टिपण तसंच ठेवते, आणि त्याच्यावरची तारीख तेवढी आजची करते.